नसलेल्या देशाचा कॅमेरा

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार (रागात आहे, पण घातला). तुमचा गुडघा आता वळतो का? मामींचा खोकला गेला का? इकडे सगळं शांत आहे, म्हणजे माझ्याशी कोणी बोलत नाही.

तुम्ही सीमेपलीकडच्या जुन्या बाजारातून पाठवलेला सोव्हिएत कॅमेरा मिळाला. मिळाला कसला, नाक्यावर जाऊन नाक घासून आणावा लागला! कस्टमच्या साहेबाने विचारलं, माल कुठल्या देशाचा? म्हटलं, सोव्हिएत संघाचा. त्याने संगणकात शोधलं आणि म्हणाला, असा देशच नाही. अहो, आता नाही, पण कॅमेरा बनला तेव्हा होता की! (माझे आजोबाही आता नाहीत, म्हणून मी काय कोणाचा नातूच नाही?) तर म्हणे, नसलेल्या देशातून माल येऊ शकत नाही, आणि आलाच तर तो संशयास्पद. मग त्या महाभागाने कॅमेरा डोळ्याला लावून, हाताला येईल ती चकती फिरवत शेजारच्या कारकुनावर, चहावाल्यावर आणि शेवटी माझ्यावर खटाखट बटण दाबलं. माझा जीव खालीवर! या कॅमेऱ्यात आधी रीळ पुढे सरकवायचं, मगच शटरच्या वेगाची चकती फिरवायची. उलटं केलं की आतलं यंत्र कामातून गेलं. त्याने उलटंच केलं असणार, दुसरं काय?

परिणाम ऐका. गेल्या आठवड्यात सासऱ्यांचा पंचाहत्तरावा वाढदिवस झाला. मी सगळ्यांना मोबाइल खिशात ठेवायला लावले. म्हटलं, आज खरा फोटो! सासरे नवा कोट घालून, पोट आत ओढून बसले (या वयात कौतुकच). आणि रीळ धुऊन आलं ते कोरं करकरीत! कोणाचा कानसुद्धा नाही त्यात. सासऱ्यांनी अबोला धरलाय, आणि हिने बजावलंय की कपाटातल्या जुन्या कॅमेऱ्यांपैकी एक तरी चालवून दाखवा, नाहीतर अख्खं कपाट भंगारवाल्याला देते. उभ्या जन्माचा संग्रह, मामा! कोणापायी? त्या कस्टमवाल्यापायी! आणि तुमचीही कमाल आहे. माणूस कलिंगड घेतानासुद्धा वाजवून बघतो. मी तक्रार करणार, पार वरपर्यंत जाणार. पुन्हा असला कॅमेरा घ्यायचा नाही, कानाला खडा.

तुमचा संतप्त भाचा

ता. क. : त्याच दुकानात याच जातीचा दुसरा असला तर ऑफिसच्या पत्त्यावर पाठवा. हिला बोलू नका. पार्सलवर मात्र एखादा हयात देश लिहा.

आणखी एक ता. क. : मामा, नमस्कार. मी तुमची भाचेसून. पत्र पेटीत टाकायला यांनी माझ्याच हातात दिलं, तेही पाकीट न चिकटवता. कॅमेरा धडधाकट आहे. त्याची बघायची खिडकी वेगळी आणि भिंग वेगळं. खिडकीतून यांना सगळं दिसत होतं, पण भिंगावरचं झाकण यांनी काढलंच नव्हतं. आम्ही समोर बसलेल्यांनी ते पाहिलं होतं, पण सोव्हिएत भिंग असंच काळं असेल म्हणून गप्प राहिलो. काल मी झाकण काढून बाबांना पुन्हा बसवलं. फोटो झकास आलाय, सोबत ठेवलाय. कपाट काही मी कुठे देत नाही. पण यांना एवढ्यात कळवू नका. कस्टमवाल्यावर चिडलेले असतात तोवर घरात कोणावर चिडत नाहीत.