खिडकीतली बिही आणि तू

आई, महाराजपूरच्या आपल्या स्वयंपाकघराचे ते तीन फोटो आज शेवटी एकत्र करायला घेतले. खिडकीखाली गॅस, आणि खिडकीबाहेर तू लावलेलं पेरूचं झाड, ज्याला आपण घरात बिहीच म्हणायचो. फोटोत एक तर बिही यायची आणि तू काळीठिक्कर, नाहीतर तू यायचीस आणि खिडकी पांढरीफटक. तू फुरंगटायचीस. म्हणून त्या सकाळी कॅमेरा स्टँडवर लावून मी तुला समजावलं, एक फोटो नेहमीसारखा, एक झाडासाठी अंधारा, एक तुझ्यासाठी उजळ. मग कॉम्प्युटरवर तिन्हींचा मिळून एक. फक्त हलायचं नाही.

तुला हलू नको म्हणणारी मीही शहाणीच. पहिल्या फोटोत तू माझ्याकडे बघते आहेस, साडीचा पदर नीट केलेला. दुसऱ्यात ओठ हललेत. "काहून उभं करून ठेवलं मले? दूध उतू जाऊन राहिलं न." तिसऱ्यात तू गॅसकडे वळलीस. म्हणजे ज्या फोटोत तुझा चेहरा उजळणार होता, त्यातच तू पाठमोरी. आपण किती हसलो. पुढच्या सुट्टीत पुन्हा काढू म्हटलं, आणि त्या सुट्टीत तू नव्हतीस.

आता राइट टाउनच्या माझ्या घरात दुपारचं ऊन पडद्यातून गाळून येतंय, आणि स्क्रीनवर बिहीचं पान न् पान हिरवं झालंय. तू मात्र तीन जागी आहेस, पुसट, एकीतून दुसरी दिसणारी. हललेलं काढून टाकू का, असं सॉफ्टवेअर अदबीनं विचारतंय. शेजारी तुझी नात, तिनं तुला कधी पाहिलं नाही. मराठी तिला सगळं कळतं, बोलते हिंदीत. "मम्मा, इसको मत हटाना," ती म्हणाली. "नानी चल रही हैं।"

दादाला हा फोटो नव्या घरात लावायचाय. त्याला कळवलं, पुसटच आला, याहून स्वच्छ जमत नाही. खरं तर जमलं होतं, आई. हललेलं काढलं की तू एकच उरलीस, लख्ख, वेणीचा पेड न् पेड मोजावा अशी, पण दुधाकडे वळलेली. तो फोटो मी ठेवला नाही. पाठमोरी तू मला रोज आठवतेस. चेहरा आठवायला मात्र हल्ली वेळ लागतो.