विद्यार्थी ‘अ’

कळंब

प्रिय मेघा,

जयभीम आणि खूप खूप आशीर्वाद. तू दोनदा फोन केलास नि दोन्ही वेळा तुझ्या काकानं फोन माझ्या हातात देऊन मागच्या अंगणात पाय काढला, ते मनाला लावून घेऊ नकोस. तो तुझ्यावर रागावलेला नाही. काकाला दुखत असेल तर विद्यार्थी ‘अ’चं ते पान तुझ्या लेखातून काढून टाकते म्हणालीस ना, तेवढं मात्र हे पत्र वाचून होईपर्यंत करू नकोस.

इकडं वालाच्या शेंगा भरल्यात. रिसॉर्टवाल्यांची गर्दी आहे, त्यामुळं तुझ्या मिलिंदकाकाचे शनिवार-रविवार पाहुण्यांना पेठच्या किल्ल्यावर नेण्यात जातात. त्याची रीत तुला ठाऊक आहे. चढायच्या आधी एकेकाला नाव विचारायचं आणि दिवसभर त्याच नावानं हाक मारायची. मॅनेजर त्याला हसतो, अरे मिलिंद, पाहुण्यांची हजेरी घेतोस काय रे! मला आपलं वाटायचं, पोराचा स्वभावच मायाळू.

कॉलेजांतल्या भेदभावावर तू वकील म्हणून लिहिलेला इंग्रजी लेख काकासाठी मराठीत उतरवून पाठवलास, पण त्यानं त्याला हात लावला नाही. मग मीच घेतला. मी शाळेची पायरी चढले नाही, तुझ्या बाबाच्या नि काकाच्या फाटक्या पुस्तकांवरून अक्षरं गिरवली, तेव्हा ‘पूर्वग्रह’ वाचताना जीभ अडखळली. पण समजलं सगळं. परवा मिलिंद सूप घेऊन शेंगा सोलायला बसला, तेव्हा मी शेजारी बसून मोठ्यानं वाचायला लागले. तो उठून गेला नाही.

कॉलेजच्या त्या गिर्यारोहण मंडळात नव्या पोरांना सगळ्यांनाच टोपणनावं ठेवायचे, असं तू लिहिलंयस. कोण घसरला तर तो ‘बटाटा’, कोण उंच तर तो ‘जिराफ’. म्हणूनच चौकशी समितीनं तक्रारीचे कागद मिटले. सगळ्यांनाच चिडवतात, मग भेदभाव कसला? ते जुने कागद वाचून तिथंच तू बोट ठेवलंस. बाकीच्यांना नावं त्यांच्या चालण्या-बोलण्यावरून मिळाली, विद्यार्थी ‘अ’ला मात्र प्रवेशाच्या यादीवरून. ‘कोटा’. पुढच्या वर्षी नवी पोरं आली तशी इतरांची नावं सुटली, ती पोरं स्वतःच दादा झाली. याचं सुटलं नाही. सामान यानंच उचलायचं, भांडी यानंच घासायची. आणि कड्याखाली दोर मागितला की वरून हसायचे, तुला दोर कशाला रे कोटा, तुम्हाला तर उचलून वर बसवतात!

मेघा, दुसऱ्या वर्षी कॉलेज सोडून मिलिंद मधूनच घरी आला तेव्हा तो मला म्हणाला होता, आये, तितलं पानी मला सोसत नाय. मी ते खरं धरलं. अजूनही त्याचं पाणी मी वेगळं उकळून ठेवते आणि तो ते मुकाट पितो.

दिवाळीनंतर त्याच मंडळातला एक जण इथं पाहुणा होऊन आला होता. साऱ्या लोकांत ‘अरे कोटा, तू इथं!’ म्हणून त्यानं मिलिंदला मिठीच मारली. मग घरी आला, माझ्या हातचं वालाचं बिरडं बोटं चाटून खाल्लं. काकू, हा आमच्या ग्रुपची जान होता, म्हणाला. लाडाचं नाव असेल म्हणून मीही हसले, आणखी एक भाकरी वाढली. माणूस वाईट वाटला नाही गं. मिलिंद त्याला शेवटपर्यंत त्याच्या नावानंच बोलवत होता. पाहुणा गेल्यावर मिलिंद जेवला नाही.

तर वाचत वाचत मी विद्यार्थी ‘अ’च्या त्या पानाशी आले. शेंगा सोलणारे हात थांबले. आये, ह्यो अ म्हंजी मीच ना गं? मी म्हटलं, होय रे, तुला कुणाचा त्रास नको म्हणून पोरीनं नाव झाकलंय. त्यानं एक शेंग घेतली, सोलली, दाणे सुपात टाकले. मग म्हणाला, ‘तितं कोटा, हितं अ. माजं नाव कुटंच नाय.’

तुला दोष नव्हता त्यात, बाळा. तू मायेनं पांघरूण घातलंस, पण त्याचं तोंडही झाकलं गेलं. मी त्याला समजावलं की ही माणसं इथंच सुटीला येतात, मॅनेजरच्या कानावर गेलं तर तुला काम देणार नाही. तो पुन्हा शेंगा सोलायला लागला. तुझे फोन आले ते याच दिवसांत.

आज पहाटे पाहुण्यांना न्यायला निघताना बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाला, आये, तिला लिव. फोनवर मला बोलता यायचं नाय. अ खोड म्हनावं, माजं नाव घाल, आडनावासकट. काम गेलं तर डोंगर कुटं जातोय? तुम्हा वकिलांना सही लागते, हे त्याला माहीत आहे. म्हणून बूट घातलेले तसेच ओट्यावर बसून या कोऱ्या कागदाच्या तळाशी त्यानं आधीच सही केली, आणि वरची सगळी जागा माझ्यासाठी सोडून गेला.

आज त्याचं पाणी मी उकळलेलं नाही.

तुझीच आजी,
गंगाबाई

मिलिंद श्रीपत सोनावळे