आबा, आमचीही टीम हरते

आबा, मी या वयात एका टीमची झाले आहे. ऐकून तुम्ही मिशीतल्या मिशीत हसाल, म्हणून आधीच सांगते, टीमही तुमच्यासारखीच आहे, हरणारी. तुम्ही गेल्याला चाळीस वर्षं व्हायला आली आणि मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, तुम्ही होतात तेव्हाही लिहिली नाही. तिसरीतून शाळा सुटली ती सुटलीच. आता इथं वेळ आहे, वही आहे, आणि सूनबाईनं दिलेलं छान सरसर चालणारं पेन आहे. ऱ्हस्व-दीर्घ तुम्हालाही कळत नव्हतं, तेव्हा आपलं जमेल.

मी मुलाकडे डब्लिनला असते. हे अमेरिकेतलं, ओहायोमधलं. मुलगा इथं कंपनीत आहे. घर मोठं, रस्ते मोठे, माणूस दिसायचा तर गाडीच्या काचेतून. पहिल्या उन्हाळ्यात मी खिडकीत बसून बसून खिडकीसारखीच झाले होते. तेव्हा नातीच्या शाळेला सुट्टी लागली, आणि मुलगा म्हणाला, आई, चल, तुला बेसबॉल दाखवतो. मोठ्या टीमची तिकिटं महाग, म्हणून पाऊण तासावरच्या एका लहान गावातल्या लहान टीमची काढली. मी पिठलं-भाकरीचा डबा घेतला होता, तो मैदानाच्या दारातच परत गाडीत ठेवायला लावला. आत मात्र भाजलेल्या शेंगा मिळाल्या, टरफलासकट, खारवलेल्या. मी एक एक शेंग फोडून टरफलं पदरात गोळा केली आणि मग पर्समध्ये भरली, कारण दुसऱ्याच्या गावात कचरा करू नये. नात पोट धरून हसली. इथं टरफलं पायाखालीच टाकायची रीत आहे म्हणे. एवढ्या स्वच्छतेच्या देशात एक तरी जागा अशी निघाली, मला तेव्हाच ते मैदान आपलं वाटलं.

खेळ तुम्हाला सांगते, तुम्हाला लगेच कळेल. एक जण चेंडू फेकतो, दुसरा दांड्यानं मारतो आणि धावत चार कोपरे करून जिथून निघाला तिथंच येतो. त्या शेवटच्या कोपऱ्याला ही माणसं घर म्हणतात. घरून निघायचं नि घरी यायचं, एवढीच धडपड. तीन गडी बाद झाले की डाव बदलतो, असे नऊ डाव. मला यातलं सगळ्यात काय आवडलं सांगू? घड्याळ नाही. आपल्या हुतूतूत दम संपला की माणूस गेला. इथं तिसरा गडी बाद होईपर्यंत कितीही मागे असा, खेळ तुमचा असतो. अंधार पडो, पोरं पेंगोत, कोणी येऊन सांगत नाही की वेळ झाली, उठा. तुमच्या गुऱ्हाळातल्या गुळाच्या काहिलीसारखं आहे ते. रस आटायला लागेल तेवढा वेळ लागणार, चुलवाणासमोर उभं राहून घड्याळ बघून काय उपयोग.

तर आमची टीम. मी येऊन चार उन्हाळे झाले, चारही उन्हाळे ती खालून पहिली किंवा दुसरी. मला आता त्यातलं कळतं बरं का. पहिल्या कोपऱ्यावरचा, म्हणजे पहिल्या बेसवरचा, गडी चेंडू हातात येण्याआधीच पुढं कुठं फेकायचा ते बघतो, म्हणून चेंडू हातातून सुटतो. डावखुरा फेकणारा, पिचर म्हणतात त्याला, कोवळा आहे, त्याला दर चार दिवसांनी उभा करतात आणि मार खाल्ला की काढतात. मी मुलाला म्हटलं, घाईनं उतरवलेली काहील आहे ती, गूळ चिकटच होणार, दोन वर्षं आटू दे त्याला. मुलगा म्हणाला, आई, तू मॅनेजरला फोन कर. करीनही, इंग्रजी आलं असतं तर.

मागच्या वर्षी सलग अकरा मॅच हरले तेव्हा मला राहवलं नाही. रुमालाच्या गाठीत मीठ-मोहऱ्या बांधल्या आणि घेऊन गेले, दृष्ट काढायला. दारावर पर्स तपासतात हे विसरलेच. तिथं एक बाई असते, माझ्याच वयाची, ढोपरापर्यंत पँट, पांढरे कापलेले केस. तिनं गाठ सोडली आणि बोटानं मोहऱ्या उलटसुलट करून बघत राहिली. नात लाल झाली. "आजी, प्लीज, इथे नको," म्हणाली. मग तिनंच त्या बाईला सांगितलं की ही माझी ग्रँडमदर आहे, आणि आपल्या पिचरला कोणाची तरी नजर लागली आहे. ती बाई जराही हसली नाही. म्हणाली, मग पहिल्या बेसवाल्यापासून सुरू करा, त्याला जास्त गरज आहे. आणि गाठ परत बांधून माझ्या हातात दिली. मी कठड्याशी उभी राहून लांबूनच सगळ्यांवरून उतरवली. त्या दिवशीही हरले, पण थोडक्यात. घरी येऊन मीठ-मोहऱ्या तव्यावर टाकल्या, तर मोहऱ्या तडतडल्या, धूर झाला, आणि छताला लावलेला भोंगा असा कोकलायला लागला की मुलगा आंघोळीतून साबणासकट आला. त्यानंतर दारावरची बाई मला नावानं नाही, सॉल्ट लेडी म्हणूनच हाक मारते.

तिच्याकडूनच मला टीमचं मागचं कळलं. त्या गावात पूर्वी काचेचा कारखाना होता, बाटल्या व्हायच्या. ही टीम मुळात भट्टीवरच्या कामगारांची. तिचा बाप भट्टीवर होता आणि संध्याकाळी खेळायला. नात तिचं बोलणं मला मराठीत सांगत होती, अर्धं आपलं, अर्धं तिचं, आणि मला दिसत होतात तुम्ही. तुमचीही टीम गुऱ्हाळावरचीच ना. चुलवाणाला जाळ घालणारा जळव्या, चरकावर ऊस लावणारे, ढेपा उचलणारे, आणि गूळ उतरवणारे तुम्ही, गुळव्या. दिवसभर जाळासमोर उभं राहून मग जत्रेत तालमीतल्या दूध प्यायलेल्या पोरांशी हुतूतू. काय होणार होतं. तर कारखाना बंद पडला, बाप गेला, टीम दुसऱ्यांनी घेतली, मग तिसऱ्यांनी. आता मालक म्हणतो, मैदानाचं छप्पर मोडकळीला आलंय आणि माणसंच येत नाहीत, गाव दुरुस्ती करून देणार नसेल तर मी टीम दुसऱ्या शहरात नेतो. गावाला यंदा त्यावर मत द्यायचंय. माझं इथं मत नाही. ना त्या गावात, ना या देशात. पण ती दारावरची बाई हातात एक लहानसं यंत्र धरून उभी असते, माणूस आत गेला की अंगठ्यानं दाबते, एक आकडा पुढं सरकतो. तो आकडा मालकाकडं जातो, पेपरात येतो. मुलगा म्हणाला, आई, तुझं मत म्हणजे तू खुर्चीत बसणं. म्हटलं, तेवढं मला येतं.

तुम्ही म्हणाल, तुला कधीपासून येतं. बरोबर आहे. मी आठ-नऊ वर्षांची होते. जत्रेत तुमची टीम हरत होती, तुमचे सात गेले, तुम्ही एकटे उरलात. माझ्या शेजारी तालमीवाल्यांच्या मुली बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, तुझा बाप गुळात माशी अडकल्यासारखा अडकलाय बघ. मी उठले, परकराची धूळ झटकली आणि गेले पाळण्याकडं. दुसऱ्या दिवशी गुऱ्हाळावर मी काकवीची वाटी घेऊन बसले होते, तुम्ही मळी काढत होतात, पाठ माझ्याकडं. तसेच म्हणालात, "हरणाऱ्याकडं पाठ करू नये. मैदानातून त्याला तेवढंच दिसतं." पुन्हा मळी काढायला लागलात. मला मार परवडला असता. काकवी तशीच ठेवून मी घरी गेले.

आता या सप्टेंबरचं सांगते. हंगामातली शेवटची घरची मॅच. कदाचित शेवटची शेवटची. तो हिरवा रंग, ती माणसं, त्या बाईचं तोंड, हे सगळं संपताना बसून बघायचं म्हणजे काय. दुपारी मुलगा गाडीची किल्ली शोधत होता तेव्हा मी सोफ्यावरून म्हटलं, गुडघे फार दुखताहेत रे आज, तुम्ही जाऊन या. तो म्हणाला, मग कॅन्सलच करू, नाहीतरी हरणारच आहेत. आता हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. नात बुटाच्या नाड्या बांधत होती. ती तेरा वर्षांची आहे, तिचं मराठी घरच्यापुरतं आहे. तिनं वर न बघता म्हटलं, "आजी, काल तू इंडियन स्टोअरमध्ये दोन तास फिरलीस." मी म्हटलं, म्हणून तर आज दुखताहेत. ती उठली, माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "बघवत नसेल तर तसं सांग ना."

आबा, आजवर इतक्या सरळ मला कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "नाही बघवत."

"मलापण नाही," ती म्हणाली. "चल."

गेलो. दारावर त्या बाईनं माझी पर्स उघडलीच नाही, नुसता अंगठा दाबला. तिच्या त्या यंत्राचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला, एवढासा, नखानं मोहरी चिरडावी तसा. माणसं नेहमीपेक्षा बरीच आली होती, पण भरलं होतं असं नाही म्हणता येणार, मागच्या रांगा रिकाम्याच. सातव्या डावात सगळे उभे राहून गाणं म्हणतात, तशी रीतच आहे. पहिल्या वर्षी मी ती आरती समजून हात जोडले होते. आता मला अर्धं गाणं येतं, उरलेलं मी टाळ्यांवर नेते. डावखुऱ्याला त्या दिवशी सहा डाव टाकू दिले. मार खाल्ला तरी काढलं नाही, आणि शेवटच्या दोन डावांत त्याचा हात असा फिरला की मी मुलाला कोपरानं ढोसलं, बघ, आटतोय. तरी सात-दोननं हरलो. नवव्या डावात दोन गडी बाद झाले तेव्हा पुढच्या रांगेतलं एक कुटुंब पांघरुणं गुंडाळायला लागलं. मुलगा घड्याळ बघत होता. मी त्याचा हात धरून खाली बसवला. शेवटच्या गड्यानं चेंडू उंच, फार उंच मारला, सगळे उभे राहिले, आणि तो लांब तिकडे एकाच्या हातात पडला. संपलं. पोरं बाहेर येऊन ओळीनं उभी राहिली, टोप्या काढल्या. आम्ही सगळे त्यांच्याकडे तोंड करून उभे होतो. मला वाटलं होतं रडू येईल, पण उलट मन कसं लग्न लागल्यावर होतं तसं हलकं झालं होतं. गाडीत नातीनं विचारलं, नेक्स्ट इयर? म्हटलं, नेक्स्ट इयर. टीम असेल तर टीम, नाहीतर मी तुला हुतूतू शिकवते. गावाचं मत अजून व्हायचंय. काय होईल माहीत नाही. मला वाटतं राहतील, पण मी दर वर्षी म्हणते यंदा जिंकतील, तेव्हा माझ्या वाटण्याला काही अर्थ नाही.

आता ज्याच्यासाठी वही उघडली ते. तुम्ही मला पाठ करू नये म्हणालात, त्याच्या पुढच्या वर्षीच्या जत्रेला मी आलेच नाही. आईला म्हटलं, अंगात कणकण आहे, आणि गोधडी ओढून पडून राहिले. पाठही करायची नाही आणि बघायचंही नाही, तेव्हा आणखी काय करणार होते. आणि नेमके त्याच वर्षी तुम्ही जिंकलात. नऊ वर्षांत एकदा. दिवे लागायच्या वेळी हलगी वाजत दारापर्यंत आली, गडी तुम्हाला खांद्यावर घ्यायला बघत होते, आणि तुम्ही त्यांना बाहेरच थांबवून आत आलात. डोक्याला बक्षिसाचा कोरा गुलाबी फेटा. माझ्याजवळ बसलात, कपाळावर हात ठेवलात. मग फेट्याचा शेमला तांब्यात भिजवून, पिळून, माझ्या कपाळावर ठेवलात. आई ओरडली, बक्षिसाचा फेटा नासवला. रंग उतरून माझ्या कानापर्यंत आला. आणि तुम्ही हळू आवाजात, बाहेर हलगी चालू असताना, मला सगळी मॅच सांगितलीत, पहिल्या गड्यापासून. मी डोळे मिटून ऐकली.

ताप नव्हता, आबा. जन्मभर मी धरून चालले की मी तुम्हाला फसवलं. शेवटच्या दिवसांत तुम्ही जत्रेची आठवण काढायचात तेव्हा मी उठून पाणी आणायला जायची. पण सप्टेंबरातल्या त्या मॅचवरून घरी आल्यापासून मनात एकच येतंय. नुसत्या वाफेवर तळवा धरून गूळ झाला की नाही ते सांगणाऱ्या माणसाला, पोरीचं कपाळ गार आहे ते कळलं नसेल?

आत्ता नात मागून आली आणि खांद्यावरून डोकावली. तिला मराठी अक्षर ओळखता येत नाही. तरी मी वहीवर हात आडवा धरला.