विमा हरेशच्या नावावर

४ नोव्हेंबर, सोमवार. शहापूर.

लागले बाई एकदाची नोकरीला! मुरबाडहून निघताना आईनं दिवाळीचा उरलेला चिवडा बांधून दिला, तो आणि ही नवी वही घेऊन सकाळी शहापुरात उतरले. खोली बाजाराच्या मागे, एका खिडकीची. पण खिडकीतून माहुलीचे सुळके दिसतात, म्हणून मला ती राजवाडा वाटतेय. ऑफिस मोबाइलच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. आमची कंपनी इथल्या पोरांना वेल्डर, फिटर म्हणून मस्कतच्या कामावर पाठवते, आणि त्यांचा विमा मी बघायचा. तिकडे आजारी पडला तर दवाखाना, अपघात झाला तर भरपाई, आणि देव न करो, काही झालंच तर माणूस घरी पोचवायचा, हे सगळं त्या विम्यात. आदेश सर माझे साहेब. बोलायला लागले की समोरच्याचा चहा गार होतो, पण माणूस भला वाटला. टेबलावर एकेचाळीस फायली आहेत. एकेचाळीस जणांची काळजी माझ्याकडे आहे, असं मी आईला फोनवर अगदी ऐटीत सांगितलं.

९ नोव्हेंबर, शनिवार

वारसाची सही राहिली होती म्हणून तानशाकडच्या एका पाड्यावर गेले. फाइल हरेशची. वय पंचवीस, वेल्डर, आठ महिने झाले मस्कतला. वारस त्याची आई, बाळी. ती खळ्यावर भात पाखडत होती आणि एक तरुण पेंढा रचत होता. त्याला नाव विचारलं तर म्हणतो, हरेश! मी म्हटलं, थट्टा करतोस काय रे, हरेश तर मस्कतला आहे. तो हसला, मग आईकडे बघून पुन्हा पेंढा रचायला लागला.

खरं काय ते बाळीनंच सांगितलं. मस्कतला गेलाय तो थोरला, जैतू. वेल्डिंगमध्ये त्याचा हात धरणारा कुणी नाही, पण शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, त्यामुळे दाखला नाही. एजंटानं धाकट्या हरेशचा दहावीचा दाखला घेतला आणि पासपोर्टवर फोटो जैतूचा लावला. पाड्यावर पोराटोरांना ठाऊक आहे, फक्त आमच्या ऑफिसला नाही. ‘कुनाला सांगू नको गो बाय,’ म्हणून तिनं माझा हात धरला. निघताना नवे तांदूळ बांधून दिले. मी सही घेतली आणि तोंड शिवून परत आले. सांगायला हवं होतं का? पण सांगून त्या बिचाऱ्याचं काम घालवायचं, आणि तेही मी? माझ्याच्यानं नाही होणार.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

मस्कतहून फोन आला. हरेश परांचीवरून पडला, जागच्या जागी गेला. सरांनी डोळे पुसले. मी मात्र मनातल्या मनात जैतू, जैतू करत बसले होते. विमा कंपनीला खरं कळलं तर हा आमचा माणूसच नव्हे म्हणतील आणि तो तिकडेच शवागारात पडून राहील.

पाड्यावर सांगायला मीच गेले. बाळीच्या हातातलं सूप खाली पडलं. बराच वेळ तिनं सांडलेले दाणे वेचले आणि मग म्हणाली, ‘मला पैका नको. माझा पोर तेवढा आन.’ आणते म्हटलं. तोपर्यंत कुणी जैतूचं नाव काढायचं नाही, असंही सांगितलं. हरेश भिंतीला डोकं टेकून हमसून हमसून रडत होता. माझ्या नावावर गेला म्हणून मेला, असंच तो म्हणत राहिला.

३ डिसेंबर, मंगळवार

पेटी आज सकाळी आली. विमा कंपनीचा माणूस मोबाइलवर सगळं टिपत होता, म्हणून हरेशला घरामागच्या पेंढ्याआड बसवलं होतं.

या पाड्यावर एक रीत आहे. उचलायच्या आधी आई मेलेल्याच्या उशाशी बसते, त्याला नावानं तीनदा हाक मारते आणि जायला सांगते. हाक मिळाल्याशिवाय त्याला निघता येत नाही म्हणतात. मला हे आज तिथं गेल्यावर कळलं, आणि मीच बाळीच्या कानात सांगितलं की कागदावर आहे तेच नाव घ्या, तो माणूस ऐकतोय. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण घेतलं तिनं. ‘हरेश, जा रे बाबा. तुझी वाट मोकळी.’ एकदा. दोनदा. तिसऱ्या हाकेला घरामागून आवाज आला, ‘ओ.’

आईनं हाक मारली, पोरानं ओ दिली. जन्माची सवय, त्याला तरी काय बोल लावायचा! विमावाल्याला काही उमगलं नाही. बाळीचा चेहरा पांढराफटक पडला. सगळे जैतूला घेऊन नदीकडे गेले, ती मात्र उंबऱ्यावर बसून राहिली.

११ डिसेंबर, बुधवार

हरेशच्या मृत्यूचा दाखला झाला. प्रत द्यायला गेले तर दारात हरेशच उभा! रेशनच्या मशीनवर अंगठा घेत नाय मॅडम, म्हणाला. कागदावर गेलास ना, म्हणून मी हसले. तो हसला नाही. टमटमवाला त्याच्यासाठी थांबत नाही. रोज अंगावर उड्या मारणारा कुत्रा त्याच्याकडे बघतसुद्धा नाही.

बाळी म्हणते, जैतू आलाय. दिवसभर अंगणात त्याच्या कामाच्या बुटांचा आवाज येतो. दारापर्यंत येतो, थांबतो, मागे फिरतो. ‘त्याला कुनी जा म्हनलंच नाय गो.’

दुःखानं होतं असं. मी स्वतःला तेच समजावतेय.

१४ डिसेंबर, शनिवार

भर दुपारी बघितलं. खळं नुकतंच सारवलेलं, ओलं. हरेश त्यावरून चालत माझ्याकडे आला. पाऊल उमटलं नाही. एकही नाही.

आणि त्याच्या मागून, ओल्या शेणावर, जड बुटांचे ठसे उमटत आले. एकामागून एक. बूट नव्हते, माणूसही नव्हता, नुसते ठसे. दारापाशी थांबले, वळले, परत गेले.

हरेशनं ते पाहिलं. दादाला बाहेर ठेवलाय आमी, म्हणाला आणि रडला. डोळ्यांतून पाणी येत नव्हतं.

१६ डिसेंबर, सोमवार

सरांना सगळं सांगितलं. जैतूच्या नावानं पुन्हा विधी करू द्या, कागद दुरुस्त करा. सर घाबरले. म्हणाले, क्लेम पास झालाय, तुझी नोकरी जाईल, म्हातारीवर केस होईल, दोन दिवस दम धर.

मी दम धरला. थोबाडीत मारून घ्यावीशी वाटतेय. नोकरीसाठी दम धरला मी.

१८ डिसेंबर, बुधवार

बाळीनं मला विचारलं, हरेश सकाळपासून दिसला नाय, तू बघितलास का?

तो तिच्या शेजारीच बसला होता. तिच्या खांद्यावर हात ठेवून. आये, आये म्हणत होता—

मला दिसतो. अजून. फिकट.

२० डिसेंबर, शुक्रवार. सकाळी.

कबुलीचं पत्र सरांच्या टेबलावर ठेवलं. होईल ते होवो. बाळीला घेऊन नदीवर जातेय. जैतूला हाक मारायची, त्याला सोडायचं. मग हरेशला परत बोलवायचं. आईच्या हाकेनं गेला, आईच्या हाकेनं येईल. यायलाच हवा.

दुपारी.

बाळीनं हाक मारली. जैतू, जा रे माझ्या राजा. तीनदा. वाळूवरून बुटांचे ठसे पाण्यापर्यंत गेले आणि थांबले. वारा सुटला. ती ओक्साबोक्शी रडली. सुटला माझा पोर, म्हणाली.

मी म्हटलं, आता दुसऱ्याला बोलवा. लवकर.

तिनं पदरानं डोळे पुसले. म्हणाली, दुसरा? मला एकच पोर व्हता गो बाय—

तो तिथंच उभा होता. ऐकलं त्यानं.

ऑफिसात आलेय. तो मागून आला, समोरच्या खुर्चीत आहे. खुर्चीची पाठ त्याच्यातून दिसते. म्हणतो, मॅडम, आयेला नाय आठवत तर तुमी मारा हाक. मी ओ देतो. कुनीतरी मारा.

मारते. थांब. मारते ना.

तोंड उघडलं आणि— जैतूचा भाऊ. धाकटा. दहावी झालेला. दाखला त्याचा होता. एवढं सगळं आठवतंय, फक्त—

वहीत आहे. मीच लिहिलंय, पानोपान. मागची पानं उलटतेय, अक्षर माझंच आहे, नीट वाचता येत नाहीये— जाऊ नकोस, बस, बस रे— सापडेल, तुझं नाव—