न भाजलेला वाफा

१४ मे
पेठच्या पाड्यावर कृषी सहायक म्हणून माझी पहिली शेतीशाळा. आठ बायका, आणि त्यांतल्या झुंबरमावशींचे मालक बुधाबाबा. इथे भाताचं रोप राबावर करतात – शेण, पालापाचोळा, फांद्या पसरून जमीन भाजायची, मग बी. मी सांगितलं, यंदा भाजू नका, गादीवाफा, म्हणजे मातीचा उंच वाफा, करून बघा.

बुधाबाबा म्हणाले, "माझ्या बापाच्या येळेपासून जीपवाले येत्यात. सांगत्यात, फोटो काढत्यात, मंग दिसत नाय."

झुंबरमावशींनी सरळ विचारलं, "तुझ्या वाफ्यात रोप नीट येईल का?"

मी शाळेत जाऊ लागण्याआधी पप्पा एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातली पाळी संपवून आले की घरीच पाटीवर गणितं घालायचे. उत्तर येत नसेल तर जागा कोरी ठेव, अंदाजाने भरू नकोस – हे तेव्हाच ठसलेलं.

मी म्हणाले, "मावशी, विद्यापीठाच्या शेतात आलंय. तुमच्या मातीत – खात्रीनं नाही सांगता येत."

बायका हसल्या. "पहिलीच साहेबीण, जिला म्हाईत नाय!"

मावशी मात्र उठल्या. "घे. यंदाचं सारं रोप तुझ्या वाफ्यात."

सारं? तुकडाभर पुरे, म्हणून विनवलं. ऐकेनात. रोप गेलं तर वर्षभराचा भात गेला.

१२ जून
पेरलं. बी मिठाच्या पाण्यात टाकलं, तरंगलेलं पोचट काढलं. घरी आल्यावर आठवलं – उरलेलं साध्या पाण्यात धुवायचं, नाहीतर मिठाने उगवत नाही, हे मी सांगितलं का? फोन केला. धुतलं होतं. तरी झोप नाही.

२१ जून
विरळ. पिवळं!! बुधाबाबा: "ताई, नाशकाला न्या याला, दवाखान्यात." सगळे हसले. मीही हसले, मग गाडीवर रडले.

२ जुलै
हिरवं! मावशींनी रोप हलकेच ओढलं, मुळं न तुटता वर आलं. त्यांनी ते माझ्या तळहातावर ठेवलं.

७ जुलै
लावणी. आमचं रोप साऱ्या वावराला पुरलं. पाय धुवायला ओहोळापलीकडे गेले, तर भाजलेल्या काळ्या जमिनीत दाट रोप!

"बाबा, हा राब कोणाचा?"

बुधाबाबांनी मान खाली घातली. "माझा. तुझं रोप गेलं असतं तर हेच लावलं असतं, आन् पाड्याला ताईचंच म्हणून सांगितलं असतं. नायतर जीपवाल्यांवानी तूबी परत आली नसतीस."

मग बुधाबाबा ते आता नको असलेलं रोप कापून बैलांपुढे टाकू लागले.