धर्माचा रकाना

३ जुलै १९६१, आर्णी
दिल्लीचं पत्र आलं. निवड झाली. पोस्टमास्तरांनी पाकीट देतानाच पेढे मागितले, म्हणजे ते उजेडासमोर धरून पाहून झालं होतं. मी हसलो.

विलायतेच्या विद्यापीठानं जागा मार्चमध्येच दिली होती. वनस्पतिरोगशास्त्र, दोन वर्षं, कपाशीच्या मर रोगावर काम. अडलं होतं दिल्लीच्या शिष्यवृत्तीवर. ती नसेल तर विलायत सोडा, मुंबईसुद्धा लांब आहे. आता तीही मिळाली. फक्त पत्राच्या तळाशी एक ओळ: उमेदवाराच्या जातीची व धर्माची स्थानिक चौकशी होऊन दाखला आल्यावरच बोटीचं तिकीट पाठवण्यात येईल.

नवव्या रकान्यात मी 'हिंदू' लिहिलं आहे. घरी कोणालाच माहीत नाही.

४ जुलै
शाळेत आज तिसरीचा तास पाचवीच्या वर्गावर घेतला. मुलं मजा बघत बसली.

स्वतःला समजावून पाहतो. शिष्यवृत्ती अनुसूचित जातींसाठी. मुंबईचं सरकार नवबौद्धांना सवलत देतं, दिल्लीचं देत नाही. दिल्लीच्या हिशेबी बौद्ध झालं की जात संपली. गावातही तशी संपली असती तर काय पाहिजे होतं.

पण छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यावर बाबांनी आठ दिवसांत कोतवालकी सोडली. घरातले देव फडक्यात बांधले आणि अरुणावती नदीत सोडून आले. आर्णीत पहिलं घर आमचं. नंतर दुसरे. त्याच घरातला मी.

९ जुलै
रविवार. विहारात सभा. विहार म्हणजे चार खांब आणि वर टिना. बाबा मंडळाचे अध्यक्ष. वंदना झाल्यावर उभे राहिले, "बौद्धाचं पोरगं विलायतेले चाललं! आता कोणी म्हणावं, आमाले काय भेटलं म्हणून!" टाळ्या. म्हाताऱ्या बाया येऊन माझ्या तोंडावरून हात फिरवून गेल्या.

मी वहाणांकडे पाहत राहिलो. बाबांना एवढं हसताना मी कधी पाहिलेलं नाही. लोकांना वाटलं पोरगा लाजला.

११ जुलै
हेडमास्तरांकडे (पुढे हे. मा.) काट्याचमच्यानं जेवायची शिकवणी. ताटात भाकरीच होती, दुसरं काय असणार. काटा दोनदा खाली पडला. हे. मा. तिकडे कधी गेलेले नाहीत, पण पुस्तकात वाचलंय म्हणतात.

रकान्याचं त्यांनाच बोललो. 'हिंदू' लिहायचा सल्ला त्यांचाच. म्हणाले, "अरे वामन, कागद कागदाच्या जागी असतो. शाळेत नाव घातलं तेव्हा बापानं काय सांगितलं? हिंदू. दाखल्यावर तेच आहे. तू खोटं कुठं बोललास?"

माणूस भला आहे. त्यांच्यामुळे शिकलो. चहा झाल्यावर माझा कप मी विसळून बाहेरच्या कोनाड्यात पालथा घातला, नेहमीसारखा.

१५ जुलै
यवतमाळला छातीचा फोटो काढून आलो. डॉक्टर म्हणाले, श्वास रोखून धरा. मी म्हणणार होतो, बारा दिवस धरूनच आहे.

फोटो स्वच्छ. एक भीती कमी झाली. बाकीच्यांनी तिची जागा लगेच वाटून घेतली.

१९ जुलै
नवा कोतवाल सायकलवर शाळेत आला. "तुमची चौकशी आली जी तहसीलीतून. पटवारी साहेब घर पाह्यतीन, बापाचा जबाब घेतीन. आठ-पंधरा दिवसात येतीन म्हणे."

बापाचा जबाब. हे मला सुचलंच नव्हतं. मला वाटलं होतं, कुठल्यातरी बाबूच्या टेबलावर शाळेचा दाखला ठेवायचा आणि शिक्का घ्यायचा. बी.एस्सी. झालो आणि एवढी अक्कल नाही.

पटवारीही तेच, ज्यांचं दप्तर बाबांनी वीस वर्षं डोक्यावर वाहिलं. गावोगाव. पटवारी दमणीत, बाबा मागून पायी.

बाबांसमोर आज जेवलो. भाकरी नुसती कुस्करली. "काहून जेवून नाही राह्यला? आतापासूनच विलायती झाला का?" मी म्हटलं, पोट बरं नाही. ते खोटं नव्हतं.

२३ जुलै
मायला सांगितलं. ती तूर निवडत होती. हात थांबला नाही.

"बापाले सांगतलं का?"
"नाही."
"मंग मले काहून सांगून राह्यला? मी का दिल्लीची हाव?"

मग सूप बाजूला ठेवून म्हणाली, "फुलसावंगीच्या बहिणीच्या घरी अजून देव हायेत. एखादा आणतो मी. चार दिवसासाठी. पटवारी पाह्यीन अन् जाईन."

मी 'नको' म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. 'हो' पण म्हटलं नाही. मी असाच आहे, गप्प राहतो आणि दुसऱ्याकडून काम करून घेतो.

२७ जुलै
माय फुलसावंगीला जाऊन आली. बहिणीची तब्येत बघायला, असं बाबांना सांगितलं. मावशी ठणठणीत आहे. लुगड्याच्या पदरात खंडोबाचा टाक, बोटभर, चांदीचा पातळ पत्रा. मायनं तो ज्वारीच्या कोठीत खुपसून ठेवला आहे.

दिवसभर कोठीकडे पाहायचं नाही असं ठरवलं की डोळे तिकडेच जातात. विद्यापीठाचं पत्रही आलं. स्टेशनवर माणूस घ्यायला येईल, गरम कपडे भरपूर आणा. गाडीतून उतरणाऱ्या माणसाला ओळखण्यासाठी माझा फोटो मागितला आहे. फोटोतला माणूस कोण आहे ते मलाच सांगता येईना झालंय.

३१ जुलै
फजिती झाली. फजिती हा शब्द हलका आहे.

कोतवालानं सकाळी निरोप दिला, पटवारी आज येणार. मायनं घाई केली. टाक काढला, शेंदूर लावला आणि पुढच्या खोलीतल्या कोनाड्यात मांडला. तिथं बुद्धाची तसबीर असते. ती उचलायला हात धजावला नाही तिचा, म्हणून टाक तसबिरीच्याच पुढ्यात, एकाच कोनाड्यात. दोघांपुढे मिळून एक उदबत्ती. मी पाहिलं तेव्हा हसू आलं आणि त्याच क्षणी दारात बाबा. जिनिंगमधल्या कामावरून लवकर आले. त्यांनाही निरोप गेला होता.

मायनं पदर तोंडाला लावला. बाबांनी टाक उचलला, शेंदूर धोतराला पुसला, फडक्यात बांधून तिच्या हातात दिला. "ज्याचा हाय त्याले देऊन ये. कोणाच्या देवाची इटंबना नाही कराव." ओरडले असते तर बरं झालं असतं.

मग माझ्याकडे वळले. "कागदावर का लिवलं?"

सांगितलं. सगळं, रकाना, हे. मा., दिल्लीचा नियम. बाबा ऐकून खाटेवर बसले. म्हणाले, "पटवारी येऊ दे."

पटवारी आज आलेच नाहीत.

१ ऑगस्ट
बाबा नेहमीसारखे. कामावर गेले, आले, जेवले. काय जबाब देणार, विचारायची हिंमत होत नाही. खरं सांगितलं तर माझी विलायत गेली. माझ्यासाठी खोटं बोलले तर त्यांचं काय राहील, कोतवालकी सोडली ती कशासाठी. दोन्हीची भीती वाटते. लाज अशी, की पहिलीची जास्त वाटते.

४ ऑगस्ट
पटवारी आले. कोतवालाच्या डोक्यावर दप्तर. अंगणात खाट टाकली, बसले. बाबा उभे राहिले नाहीत, समोर पाटावर बसले. मला वाटतं दोघांच्याही ते ध्यानात आलं.

पटवारी चांगलंच बोलले. "हे पाह्य किसना, मले पोराचं वाईट नाही करायचं. आपल्या गावचं पोरगं हाय. घर पाह्यलं, असं मी लिहितो. धर्म हिंदू लिहितो. तू खाली सही कर, झालं."

बाबा म्हणाले, "माहं मी सांगतो. मी बौद्ध हाव. बायको बौद्ध. तसं लिवा अन् सही घ्या." मग, "पोरगा चोवीस वर्साचा हाय. त्याचं त्यालेच इचारा."

पटवारींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "सांग बापू. काय लिहू?"

दारात माय होती. भिंतीपलीकडे शेजारचे होते, खोकल्यावरून कळत होतं. मी म्हटलं, "हिंदू."

"ऐकू नाही आलं. मोठ्यानं सांग."

मोठ्यानं सांगितलं.

लिहून झालं. मी सही केली. बाबांनी केली, अक्षर न् अक्षर जोर देऊन, जशी ते करतात. मग उठून आत गेले आणि पटवारींसाठी तांब्याभर पाणी घेऊन आले. पटवारी म्हणाले, "आत्ताच घेतलं ना बाप्पा," आणि वहाणा घालून निघाले. तांब्या खाटेखाली तसाच. हिंदूच्या घरचं पाणी.

६ ऑगस्ट
रविवार. विहारात गेलो, शेवटच्या ओळीत बसलो. सगळ्यांना कळलं आहे असं वाटतं. एका म्हातारीनं तोंडावरून हात फिरवला, म्हणजे तिला कळलेलं नसेल. की कळूनही फिरवला?

मंडळाच्या लोकांनी बाबांना काही विचारलं का, माहीत नाही. ते सांगत नाहीत. घरी आल्यावर म्हणाले, "कोट शिवाले टाकला का? बाहीत एक इंच जास्ती ठेव म्हणाव." त्यांच्या अशा बोलण्यानंच जास्त धसका बसतो.

१८ ऑगस्ट
कोतवाल भेटला. कागद तहसीलीतून यवतमाळला गेला, तिथून पुढे जाईल. त्यानं वाचला होता. पटवारी पक्के निघाले, दोन्ही लिहिलंय. 'उमेदवार स्वतःचा धर्म हिंदू असल्याचे सांगतो. वडील व आई बौद्ध असल्याचे वडील सांगतात.' खाली दोघांच्या सह्या.

म्हणजे दिल्लीतला कोणी हे वाचेल आणि विचारेल, एका घरात हे कसं? मी ना इकडचा ना तिकडचा, आणि बोट पंधरा दिवसांवर, फार तर महिन्यावर.

२९ ऑगस्ट
दिल्लीहून काही नाही. पोस्टमास्तर लांबूनच मान हलवतात. हे. मा. म्हणतात, सरकारी काम, सहा महिने थांब. तिकडे वर्ग ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतात.

मायनं लोणचं घातलंय, बोटीसाठी. बरणीला फडकं बांधून तयार. तिला अजून वाटतं, मी जाणार.

२ सप्टेंबर
विलायतेचं पाकीट. धावत आणलं. दिल्लीशी संबंध नाही. विद्यापीठाच्या वसतिगृहाचा फॉर्म. नाव, जन्मतारीख, जेवणात काय चालत नाही, आणि त्याखाली धर्म. उलट टपालानं पाठवा म्हणतात, नाहीतर खोली दुसऱ्याला.

३ सप्टेंबर
रविवार, दुपार. बाबा घरी. फॉर्म मी लपवला नाही, निदान एवढं केलं. त्यांनी विचारलं, कायचा कागद? वाचून दाखवला, मराठीत सांगत. धर्मापाशी आलो आणि थांबलो.

"हा कागद दिल्लीले जाते का?"

म्हटलं, माहीत नाही. जात नसावा. पण ठिकठिकाणचे कागद जुळवतात म्हणे. इथं एक आणि तिथं एक निघालं तर बोटीवरून उतरवतील, तिथून परत पाठवतील, मास्तरकीही जाईल. माझा आवाज पटवारींसमोर होता तसाच झाला.

बाबांनी ऐकून घेतलं. "तुले जे लिवाचं ते लिव. मी अडवत नाही, तवाही नाही अडवलं. पन मागच्या खेपेले तू चोरून लिवलं. या खेपेले लिवलं का मले वाचून दाखव."

एवढं बोलून हातपाय धुवायला गेले. येऊन समोरच बसले आहेत, मायनं चहा दिलाय. माझा फॉर्म पाटीवर आहे. वरचं सगळं भरून झालं, जेवणात काय चालत नाही तेही. पेनमध्ये शाई आहे. बाबा घाई करत नाहीत. चहा निवतोय, तो पीत नाहीत. ही वही मिटतो आणि धर्माचा रकाना लिहायला घेतो.