धनेशच्या गळ्याची आण

मी, विमलबाई नामा कोळी, वय एकाहत्तर, राहणार दिवाळे गाव, नवी मुंबई, डोकं ठिकाणावर असताना, कोणाच्या धाकाने वा भुलवणीने नव्हे, राजीखुशीने हे मृत्युपत्र सांगते आहे. वकीलबाई लिहून घेत आहेत.

१. राहतं घर आणि होडीतला माझा हिस्सा मुलगा धनेश यास. विकावं, भाड्याने द्यावं, त्याची मर्जी. मासे कापायची विळी आणि बाजारातली बसायची जागा सून मनस्वी हिला. तिला महाप्याच्या कंपनीतली नोकरीच करायची असेल, तर विळीवर कांदे चिरावेत.

२. सासूबाई गोजरा यांच्या सोन्याच्या पाटल्या नणंद रंजिता हिला. कारणही लिहा, असं मी वकीलबाईंना बजावलं आहे.

रंजिताने रबाळ्याच्या धम्मपालशी आपल्या मनाने लग्न केलं. त्या दिवशी सासूबाईंनी पाळण्यातल्या धनेशच्या डोक्यावर हात ठेवून मला सांगितलं, "तिच्या घरचा पानी पिशील, तं या पोराच्या गल्याची आन हाय तुला." शपथ माणूस स्वतः घेतो. आण दुसऱ्यावर घालतात, आणि घालणाऱ्याने "सुटली" म्हटल्याशिवाय ती सुटत नाही. सासूबाई तसं न म्हणताच गेल्या. मोठी खमकी बाई!

बाजारात मी रंजिताच्या पिशवीत पापलेट घालायचे, गप्पा मारायचे, पण तिचा उंबरा ओलांडला नाही. पोराचा जीव पणाला कोण लावील? यंदा धम्मपाल आजारी पडला, तरी दारातूनच परतले. धनेश चिडला, तेव्हा पहिल्यांदा त्याला सगळं सांगितलं.

"गला माझा ना, आये? मंग मीच सांगतो, सुटली!" म्हणाला, आणि मला रिक्षात घालून रबाळ्याला घेऊन गेला. रंजिताने पाणी दिलं. मी डोळे मिटून प्यायले. उघडले, तर धनेश समोर बसून बिस्कीट खात होता. मी ढसाढसा रडले. अगं बाई, किती हलकं वाटलं!

३. वकीलबाईंनी शेवटी लिहिलं होतं, "वरील सर्व सर्वांवर बंधनकारक राहील." मी म्हटलं, "खोडा." त्या म्हणाल्या, "मावशी, कायद्याचं वाक्य आहे, असू द्या." असू द्या. पण त्याखाली माझं हे लिहा: रागाच्या भरात मी कधी धनेशवर, मनस्वीवर, कोणावरही आण घातली असेल, तर आज शुद्धीत, साक्षीदारांसमोर, माझ्या तोंडाने म्हणते आहे: सुटली.

सही: विमलबाई नामा कोळी

साक्षीदार, दोघांनीही वरचा शब्द कानांनी ऐकला:
राहीबाई सिताराम कोळी
दत्तू पोपट भोईर

दिवाळे, दि. १० मार्च २०२५